तलाव पलटणीचं लाल हेलिकॉप्टर

ब्रह्मपुरीकडे एखाद्या माणसाला काहीच नाद नसला तर लोक त्याच्याकडे जरा संशयानेच बघतात. कुणाला तंबाखू-सुपारीचा खर्रा लागतो, कुणाला पत्ते, कुणाला शंकरपटाच्या शर्यतीतले बैल. भूपेशला हेलिकॉप्टरं लागत. खोक्यातून सुट्या तुकड्यांत येणारी, प्लास्टिकची, चिमट्याने धरून जोडायची, मग बारीक कुंचल्याने रंगवायची. ही खेळणी नव्हेत, मॉडेल आहेत, असं तो प्रत्येकाला बैजवार समजावून सांगे, आणि समोरचा सगळं शांतपणे ऐकून घेऊन विचारी, "म्हंजे खेळनंच नं?"

बाकी माणूस नाकासमोर चालणारा. वय एकतीस, ब्रह्मपुरी ते वैनगंगेकाठची गावं अशी स्वतःची प्रवासी जीप. त्या जीपच्या पुढच्या सीटवर रोज सकाळी रीता बसायची. ती ब्रह्मपुरीच्या एका पॅथॉलॉजीत रक्त तपासायला होती. आता प्रवासी जीपमधली पुढची सीट म्हणजे मानाची जागा. पण सरपंच आला तरी भूपेश त्याला मागे, सुट्या टायरवर, बसवी. त्यामुळे काय समजायचं ते साऱ्या रस्त्यावरच्या गावांना समजलं होतं. फक्त रीताच्या वडिलांना सांगायचं बाकी होतं, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

रीताचे वडील इस्तारीभाऊ हे गावच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. तलावावरून भांडण झालं की त्यांचा शब्द शेवटचा, कारण हा माणूस जन्मात खोटं बोललेला नाही अशी त्यांची ख्याती. असा माणूस गावाला फार उपयोगी पडतो. घरच्यांचं विचारू नका. "भाजी कशी झाली?" हे विचारणं त्यांच्या बायकोने, गोकुळाबाईने, लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडून दिलं होतं.

तर हे इस्तारीभाऊ एकदाचे भूपेशचं घर पाहायला आले. चहा झाला, पोहे झाले. मग त्यांची नजर फळीवर गेली.

"हे काय व्हय?"

"हेलिकॉप्टर आहे, भाऊ. मिलिटरीचं."

"उडते?"

"नाई."

"मंग काय करते?"

"ठेवाचं," भूपेश म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

इस्तारीभाऊ उठून फळीजवळ गेले. सगळी हेलिकॉप्टरं हिरवी होती, एक सोडून. ते लाल होतं. विटकरी लाल. त्याची कहाणी अशी की भूपेश ते ब्रह्मपुरीच्या कॉलेजातल्या मॉडेलांच्या प्रदर्शनासाठी जोडत होता. सैनिक वाहून नेणारं, रशियन घाटाचं, मोठं हेलिकॉप्टर. खोक्यावरच्या चित्रात ते झाडासारखं हिरवं. पण जोडता जोडता त्याची चाकं उंदराने नेली. मग जीपच्या चेसिसला गंज लागू नये म्हणून अंगणात रेड ऑक्साईड लावणं चाललं होतं, तेव्हा भूपेशची आई अन्नपूर्णाबाई हिला वाटलं, पोराचं तेवढं ओझं कमी करावं. उरलेल्या रंगात तिने ते हेलिकॉप्टर दोन हात देऊन झकास रंगवलं आणि उन्हात वाळत ठेवलं. आईला काय बोलणार? चाकांच्या जागी काहीतरी हवं म्हणून भूपेशने मासोळीच्या जाळ्याला बांधतात ते थर्माकोलचे तरंगे कोरून खाली डकवले होते.

ते हेलिकॉप्टर इस्तारीभाऊंनी उचललं. वर पाच पाती होती. टक् असा आवाज झाला आणि चार राहिली.

"कच्चं हाये," इस्तारीभाऊ म्हणाले, आणि पाचवं पातं त्यांनी भूपेशच्या हातावर प्रसादासारखं ठेवलं.

घरी गेल्यावर त्यांनी निकाल दिला. "पोरगा मेहनती हाये. दारू पेत नाई. पन तिशीतला मानूस बावल्या खेळते. आनं मासोळ्या धरनाऱ्या ढिवराच्या पोटी येऊन त्याले पान्याचा गंध नाई. मले नाई जमत."

रीता गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. लोकांच्या शिरेत सुई खुपसायची सवय असलेली मुलगी ती. "बाबा, कालेजात परदर्शन हाये. मोठा साहेब येनार हाये पाहाले. त्यानं याले काम म्हटलं तं?"

"तं देईन तुले."

"आनं लोक हासले तं?"

"तं त्याच्या जीपमंधी पाय ठेवाचा नाई. दुसऱ्या गाडीनं जाचं."

इस्तारीभाऊंचा शब्द म्हणजे शब्द. दुसऱ्या दिवशी पुढच्या सीटवर बसून रीताने हे सगळं सांगितलं, तेव्हा भूपेशच्या तोंडचं पाणी पळालं. लाल रंग, जाळ्याचे तरंगे आणि चार पाती घेऊन तो प्रदर्शनात गेला असता तर माणसं काय, कॉलेजातली कपाटंही हसली असती.

वाट दाखवली ती जिशानने. जिशान हा भूपेशचा दोस्त. बसस्टँडसमोर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि भूपेशला बारीक कुंचले, चिमटे तोच पुरवायचा. त्याने प्रदर्शनाचं पत्रक मोबाईलवर वरपासून खालपर्यंत वाचलं आणि टाळी दिली. "अबे, इथी एक गट आहे. जे मशीन दुनियेत कधी झालंच नाई, पण होऊ शकलं असतं, त्याचं मॉडेल. इतिहास आपण बनवाचा. साहेब सवाल विचारन, आपण जवाब द्याचे. इतिहास टिकला तं आपण जितलो."

"पण हे खराब झालं आहे, जिशान."

"खराब कुठी झालं? हे असंच होतं. दुनियेले माहीत नाई, बस."

पडलो तरी नाक वर म्हणतात ते हेच. मग काय, दुपारच्या फेरीला सवाऱ्या भरेपर्यंत दोघे जीपमध्ये बसून इतिहास रचू लागले. आधी राज्य हवं. चांद्याचं, म्हणजे चंद्रपूरचं, गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांनी घेतलं हे शाळेतलं पोरही सांगेल. यांनी ते घेऊच दिलं नाही. भोसल्यांचे घोडे ऐन पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत पोटापर्यंत रुतवले आणि फौज आल्या पावली परत पाठवली. "भोसले असे पावसाळ्यात येतीन का बे?" भूपेशला शंका आली. "धानाच्या रोवण्याच्या टायमाले सगळे बाहेर गावचे जावई येतेतच नं फसाले," जिशान म्हणाला, आणि मुद्दा मंजूर झाला.

तर चांदा राज्य टिकलं. इंग्रजांशी तह करून टिकलं, स्वातंत्र्यानंतर जरा उशिराच भारतात आलं. मधल्या काळात त्याला फौज हवी. जंगलात विमानाला धावपट्टी कुठली? पण जिथे गाव तिथे तलाव, हे या मुलखाचं लेणं. म्हणून पाण्यावर उतरणारं हेलिकॉप्टर, आणि त्या दलाचं नाव तलाव पलटण. लाल का? लपायला हिरवा रंग चालतो, पण या जंगलात पडलेलं हिरवं हेलिकॉप्टर पुढच्या पिढीलाच सापडायचं. पडलं तर सापडलं पाहिजे म्हणून लाल, आणि रंगाची माती सूरजागडच्या लोखंडी डोंगरातली. बोलता बोलता भूपेशला असं काही स्फुरण चढलं की भरलेल्या जीपमधल्या सवाऱ्या "अगा, चाल नं भाऊ" म्हणून ओरडू लागल्या तरी त्याला भान नव्हतं. आईचा रंग, उंदराची चोरी, सासऱ्याचा हात, सगळ्याची त्याने राज्यकारभारात सोय लावली, आणि घरी जाऊन उरलेली चार पाती नव्याने सारख्या अंतरावर बसवली.

पहिला वैमानिक कोण, हा प्रश्न राहिला. रीताने तो सोडवला. तिचा पणजा, म्हणजे इस्तारीभाऊंचा आजा, लच्छू ढिवर, वैनगंगेवर डोंगा, म्हणजे लाकडी नाव, चालवायचा. पुरातून माणसं काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. "त्यालेच बसवा," ती म्हणाली, "बाबाले आपल्या आज्याचा लय अभिमान हाये." आता ही युक्ती की आगीत तेल, हे तिलाही नीट ठाऊक नसावं. पण तिच्या डोळ्यांत जे काही चमकत होतं ते पाहून भूपेशने नकार दिला नाही. त्याची तेवढी हिंमतही नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी कॉलेजचा हॉल गच्च भरला होता. इस्तारीभाऊ धुतलेलं धोतर आणि टोपी घालून, हात मागे बांधून, भूपेशच्या टेबलापासून चार हातांवर उभे राहिले. शेजारी गोकुळाबाई, तिच्या शेजारी रीता. तपासायला आलेले वडनेरकर साहेब वायुदलातून निवृत्त झालेले. आयुष्य हेलिकॉप्टरं खोलण्या-जोडण्यात गेलेलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते लाल प्रकरण चारी बाजूंनी पाहिलं आणि हसू दाबत म्हणाले, "बोला. काय इतिहास आहे याचा?"

भूपेशचा गळा जीपवाल्याचा; एकदा पुकारा सुरू झाला की थांबत नाही. त्याने राज्य उभं केलं, फौज उभी केली. साहेब एकेक खुंटी हलवून बघत होते.

"रशियाने हेलिकॉप्टरं दिली कशाच्या बदल्यात?"

"सागवानाच्या, साहेब."

"रशियात काय जंगल कमी आहे?"

"जंगल आहे, साग नाई. जहाजाच्या डेकाले सागच लागते."

साहेबांनी मान डोलावली. "बरं. या जातीला पाच पाती असतात. तुमच्याला चार?"

"पाचच होती, साहेब. पाहणी करताना एका मोठ्या माणसानं हात लावला." भूपेशने मागे न बघता सांगितलं. "मग बल्लारपूरच्या कारखान्यात पाती बसतात तो मधला तुंबाच नवा केला, चार पात्यांचा. पाहा, चारही सारख्या अंतरावर आहेत."

मागून इस्तारीभाऊंचं खाकरणं ऐकू आलं. साहेबांनी मोजपट्टी काढून तरंगे मोजले, हेलिकॉप्टरच्या पोटाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "हे मात्र चालणार नाही. एवढ्या तरंग्यांवर एवढं धूड राहणार नाही. बुडेल."

"बुडनच," इस्तारीभाऊ मागून म्हणाले. त्यांना राहवेना. "साहेब खरं सांगून राह्यले. म्या पयल्याच दिवशी पायलं होतं."

हॉलमध्ये हशा पिकला. भूपेशच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दुसऱ्या गाडीतल्या पुढच्या सीटवर बसलेली रीता त्याला डोळ्यांपुढे दिसू लागली. त्याने घाईघाईने कबूल केलं की माप चुकलं, तरंगे याच्या दुप्पट हवे होते. साहेबांनी कागदावर काहीतरी खूण केली आणि खुर्ची ओढून निवांत बसले. आता ते मुळावर घाव घालणार हे कळत होतं.

"काल्पनिक फौजा मी पुष्कळ पाहिल्या," साहेब म्हणाले. "सगळ्यांची तोफ मोठी असते. पण या तुमच्या पलटणीला पोसलं कुणी? तेल, सुटे भाग, माणसं. जंगलातलं छोटं राज्य. हा तुमचा लच्छू वैमानिक जेवत काय होता?"

याचा विचार कुणी केलाच नव्हता. भूपेशने जिशानकडे पाहिलं, जिशानने छताकडे. "पगार, साहेब," भूपेश म्हणाला. "राजाचा पगार होता त्याले. शिपायासारखा. खजिन्यातून."

"खजिन्यात कुठून?"

"खोटं हाये!"

हा आवाज इस्तारीभाऊंचा होता. सगळा हॉल वळला. टोपी कपाळावर ओढलेली, मिशा थरथरत, ते टेबलापाशी येऊन ठाकले. भूपेशने डोळे मिटून घेतले. त्याच्या मते इतिहास, लग्न आणि जीप, तिन्ही तिथेच बुडालं.

"माहा आजा लच्छू," इस्तारीभाऊ कडाडले, "जलमात कोनाच्या पगारावर नाई राह्यला! राजा असो का राजाचा बाप असो. ढिवर हाये तो. ढिवर वाट्यावर राहाते!"

साहेबांनी चष्मा खाली घेतला. "वाट्यावर म्हणजे?"

"तलाव उघडला का मासोळ्या काढून पारीवर, तलावाच्या बांधावर, ढीग लावतेत, साहेब. जितके मानसं तितके ढीग, सारखेच. मंग एक ढीग जाळ्याचा आनं एक डोंग्याचा."

"डोंग्याचा? नावेला मासे कशाला?"

"डोंगा खात नाई. पन त्याले डांबर लागते, लाकूड लागते. ज्याचा डोंगा हाये तो थो ढीग नेते, इकते, आनं डोंगा जगवते. आमच्याकडे अजून हाये हे." इस्तारीभाऊंनी लाल हेलिकॉप्टरवर बोट ठेवलं, या वेळी बेताने. "हे बी डोंगाच व्हय. वरतून चालते इतकंच. आता डोंग्याले वाटा हाये तं याले नसन का? जितके तलाव हायेत, त्या परत्येक तलावाचा एक ढीग याचा. राजाले काय इचाराचं त्याच्यात?"

साहेब पुढे सरकले. गडी रंगात आला होता. "ठीक. पण एखादं गाव म्हणालं, आमच्यावरून हे हेलिकॉप्टर कधी गेलंच नाही, आम्ही वाटा का द्यावा?"

इस्तारीभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. "म्हटलं होतं एका गावानं."

"मग?"

"मंग काय? त्याच साली पूर आला. सारं गाव छपरावर चढलं. लच्छू आला वरतून. पायलं त्यानं, आनं गेला समोर."

"सोडून गेला?"

"सोडून काऊन जाइन? ढिवर हाये म्हटलं नं. एक चक्कर मारली, आनं आला वापस. सारे उतरवून आनले. लेकरं, बाया, बकऱ्या. पन वाटा नाई म्हननाऱ्या पटवाऱ्याले आखरीले आनलं, आनं मांगच्या साऱ्या सालाचा वाटा कबूल करून घेतल्यावर आनलं."

हशा असा फुटला की खिडक्यांची तावदानं हलली. साहेब स्वतः डोळे पुसत होते. भूपेशला आधी धडकीच भरली, मग हळूहळू ध्यानात आलं की हे हसणं त्याने ज्याची धास्ती घेतली होती ते नव्हतं. लोक पुढे सरकत होते. कुणीतरी विचारलं, पटवारी कोणत्या गावचा होता? आणि इस्तारीभाऊंनी तेही सांगितलं! बकऱ्या आत कशा मावल्या हेही सांगितलं. तरंगे बुडायचे म्हणून लच्छू हेलिकॉप्टर पाण्यावर पुरतं टेकवतच नसे, वीतभर वर धरून ठेवी, असं सांगून त्यांनी भूपेशची मापातली चूकसुद्धा निस्तरली.

"वीतभर वर धरणं म्हणजे भारी हात हवा," साहेब म्हणाले.

"हात होताच त्याचा," इस्तारीभाऊ म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला.

तेवढ्यात गोकुळाबाईने त्यांचा सदरा ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात विचारलं, "अवो, हे कवा झालं? तुमच्या आज्यानं तं जलमभर डोंगाच हाकला नं?"

इस्तारीभाऊ उभ्या जागी गोठले. ज्या माणसाच्या शब्दावर तलावाची भांडणं तुटायची, त्याने भर हॉलमध्ये, साहेबापुढे, कुणी न मागता टोपलीभर थापा मारल्या होत्या, आणि त्यातली एकही थाप परत घ्यावी असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांचा चेहरा हेलिकॉप्टरच्या रंगाचा झाला. "चूप राय," ते बायकोला म्हणाले, आणि तरातरा बाहेर निघून गेले.

पहिलं बक्षीस वर्ध्याकडच्या दोन मुलींच्या पाणबुडीला मिळालं, आणि ते योग्यच होतं. त्यांची पाणबुडी मापात होती. भूपेशला उत्तेजनार्थ. साहेबांनी त्याचा हात हातात घेऊन सांगितलं, "तरंगे खराब आहेत. पण काम आहे हे. फौजेला पोसणारी गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली." भूपेशने मान हलवली, त्याचं सगळं लक्ष दाराकडे होतं. काम म्हटलं होतं खरं, पण लोक हसलेही होते, दोनदा. यातलं काय धरायचं हे ठरवणारा माणूस बाहेर जाऊन बसला होता.

कॉलेजच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर इस्तारीभाऊ बाकावर एकटेच बसले होते. कपातल्या चहाने निवून साय धरली होती. भूपेश हेलिकॉप्टर छातीशी धरून समोर उभा राहिला. मागे रीता आणि जिशान. ज्यांना भूपेश ओळखत होता ते इस्तारीभाऊ असते तर एव्हाना निकाल देऊन मोकळे झाले असते. हे जमिनीकडेच बघत होते.

"एक चूक राह्यली," शेवटी ते म्हणाले.

"कोणती, भाऊ?"

"पुरात डोंगा एकल्यानं नाई चालत. एक बांबू मारते, दुसरा मानसं वर घेते. लच्छू एकला कसा आनन इतके लोक? मांगं कोनतरी पायजे."

"ते... ठरलं नाई अजून."

"तुहा आजा काय करे?"

भूपेशला खोटं सांगावं असं फार वाटलं, आणि आजच्या दिवशी ते खपलंही असतं. पण इस्तारीभाऊंच्या डोळ्यात बघून त्याला ते जमलं नाही. "माझा आजा पाण्याले भेत होता, भाऊ. म्हणूनच त्यानं डोंगा सोडून बैलबंडी धरली. तवापासून आमच्या घरी कोणी पाण्यात नाई उतरलं."

जिशानने कपाळावर हात मारला. रीताने ओठ चावला. इस्तारीभाऊंनी हात पुढे करून हेलिकॉप्टर मागितलं, आणि भूपेशने ते दिलं. त्यांनी ते अगदी हलक्या हाताने गुडघ्यावर ठेवलं, खिडकीतून आत डोकावून पाहिलं.

"मांगं बसव त्याले," ते म्हणाले. "भेव वाटलं तं लच्छूले धरून बसन."

"पण भाऊ, लच्छू त्याले घेईन का बसवून?"

"काऊन नाई घेनार?" इस्तारीभाऊ एकदम उखडले. "सोयरा व्हय तो आता आमचा. सोयऱ्याले कोनी मधातच खाली उतरवते का?"